आमच्या वन्सं आणि त्यांचे पेशंट

'तुमच्या नणंदबाई अमेरिकेत काय करतात हो?' असं कुणी विचारलं आणि खरं उत्तर 'डुकरांची खुरं कापतात' हे असलं, तर तुम्ही काय सांगाल? हसू नका. आमच्या घरात गेली सहा-सात वर्षं या एका प्रश्नाला तीन उत्तरं दिली जातात. सासूबाई सांगतात, 'डॉक्टर आहे.' आमचे हे सांगतात, 'हॉस्पिटलमध्ये असते,' आणि पाऊसपाण्याकडे वळतात. वन्सं स्वतः मात्र फोनवर असोत की लग्नाच्या पंगतीत, सरळ म्हणतात, 'मी जनावरांची नर्स आहे.' आणि समोरच्या बाईनं खोदून विचारलंच, तर डुकरांचंही सांगून टाकतात. मग पंगतीत जरा शांतता पसरते.

तिकडे या कामाला 'व्हेटर्नरी टेक्निशियन' म्हणतात. नावावरून यंत्र दुरुस्त करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, पण काम सगळं जिवंत अंगाशी. रोगाचं निदान करायचं नाही, औषध लिहून द्यायचं नाही आणि शस्त्रक्रिया करायची नाही, या तीन गोष्टी फक्त डॉक्टरांच्या. त्या सोडून जे जे उरतं ते सगळं हिचं. आणि उरतं किती, हे मी पाच आठवडे डोळ्यांनी पाहिलं.

झालं असं, की २०२४ च्या मे महिन्यात सासूबाईंना लेकीकडे जायचं होतं. बहात्तर वर्षांचं वय, इंग्रजीची धास्ती, एवढा विमानप्रवास एकटीनं कसा करणार? मी एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा सुट्टी होतीच. मुलांना आईकडे ठेवलं आणि सोबत म्हणून गेले. न्यू यॉर्क म्हटलं की आपल्याला आकाशाला भिडलेल्या इमारती दिसतात. वन्सं राहतात ते गाव त्याच राज्यातलं, पण शहरापासून मोटारीनं चार तासांवर. तिथे सफरचंदाच्या बागा, गाईंचे गोठे आणि दुधाचे टँकर. साताऱ्याच्या माणसाला परकं वाटू नये असं!

वन्सं इथून गेल्या तेव्हा बी. एस्सी. होत्या. दोन मुलं झाली, ती शाळेत जायला लागली, आणि पस्तिसाव्या वर्षी बाईंनी पुन्हा दप्तर उचललं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग देशभर एकच असलेली मोठी परीक्षा, मग राज्याचा परवाना. (तो परवाना न्यू यॉर्कमध्ये चक्क शिक्षण खातं देतं. मास्तरीणबाईला हे वाचून बरं वाटलं!) असा पहिला अभ्यासक्रम १९६१ साली त्याच राज्यातल्या एका गावी सुरू झाला. त्या गावाचं नाव 'डेल्ही'. स्पेलिंग आपल्या दिल्लीचं, उच्चार मात्र 'डेल-हाय'. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तिथंच शिकायचं होतंस. दिल्लीला शिकली असं तरी सांगता आलं असतं!"

आता तुम्ही विचाराल, गाईम्हशी ठीक, कुत्री-मांजरं ठीक, पण डुक्कर घरात पाळतं कोण? मलाही याचंच अप्रूप होतं. १९८५ च्या सुमारास व्हिएतनाममधली लोंबत्या पोटाची ठेंगणी काळी डुकरं प्राणिसंग्रहालयांसाठी म्हणून कॅनडात आणली गेली. तिथून ती अमेरिकेत आली आणि हौशी लोकांच्या घरात शिरली. हॉलिवुडचा नट जॉर्ज क्लूनी याच्याकडे मॅक्स नावाचं असं डुक्कर होतं. ते अठरा वर्षांचं होऊन २००६ साली गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. डुक्कर बुद्धीनं कुत्र्याच्या मागे नाही. नावानं हाक मारली की येतं, सांगितलं की बसतं, नेमून दिलेल्या जागीच विधी करतं. फ्रिजचं दार उघडायलाही शिकतं, आणि तिथेच यजमानीणबाईंचे हाल सुरू होतात.

पण खरे हाल वेगळे आहेत. तिथे विकणारे सांगतात, हे 'टीकप पिग'. म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढंच राहणार, कधी वाढणार नाही. पिल्लू खरंच तळहाताएवढं असतं, बघणाऱ्याचा जीव विरघळतो. त्याची आई दाखवतात, तीही लहानखुरी. गिऱ्हाईक खूष! वन्सं म्हणाल्या, "अगं, ती आई लहान दिसते, कारण ती स्वतःच पोर असते." डुकराची मादी काही महिन्यांतच गाभण राहू शकते आणि पूर्ण वाढ व्हायला मात्र तीन-चार वर्षं लागतात. पोरवयातल्या आईला पुढे उभी करून 'बघा, एवढंच राहतं' म्हणायचं! मला हे ऐकून आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी आठवल्या, पण तो विषय इथला नाही. तीन वर्षांनी ते चहाच्या कपातलं पिल्लू चाळीस, पन्नास, कधी सत्तर किलोंचं होतं. शेजारी तक्रार करतात. कित्येक गावांच्या नियमांत डुक्कर म्हणजे शेतावरचं जनावर, वस्तीत चालत नाही. न्यू यॉर्क शहरात तर ते पाळायलाच बंदी आहे. मग रडत रडत त्याला आश्रयगृहात सोडायचं, आणि ती आश्रयगृहं आधीच भरलेली.

हे सगळं गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खरं सांगतं कोण? फोन उचलणारी टेक्निशियन. डॉक्टर दिवसभर तपासणीत असतात. 'आमचं पिल्लू सहा महिन्यांत दहा किलो झालं, काही रोग आहे का?' असा फोन आला की वन्संना सांगावं लागतं, बाई, रोग नाही, ते वाढतंय. पलीकडे आधी अविश्वास, मग राग. एका बाईंनी म्हणे उलट विचारलं, "मग याला कमी खायला घालू का?" विकणाऱ्यानं तसंच सांगितलं होतं. उपाशी ठेवलं की वाढ खुंटते, पण ती हाडांची आणि जिवाची. वन्संनी त्या बाईंना आठवड्याला एकदा, असे दोन महिने स्वतःहून फोन केले. हे बिलात कुठे लिहितात?

दवाखान्यात मी दोनदा जाऊन बसले. पाहुणी म्हणून बाहेरच्या खोलीत, पण दार उघडं असे. पहिल्याच दिवशी आतून जी किंकाळी आली, ती ऐकून माझ्या हातातली पर्स पडली. कुणाचा गळा चिरतायत असंच वाटावं! प्रत्यक्षात त्या डुकराला फक्त उचललं होतं. डुक्कर हे मुळात शिकार होणारं जनावर. चार पाय जमिनीवरून सुटले, की 'वाघानं धरलं' एवढंच त्याला कळतं. तो आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून बांधकामावरची माणसं कानांना लावतात तसल्या टोप्या या मुली लावतात. वन्संचं पहिलं तत्त्व म्हणजे शक्यतो उचलायचंच नाही. फरशीवर पाय घसरले तरी डुक्कर घाबरतं, म्हणून आधी रबरी चटई अंथरायची. वजनाचा काटा जमिनीलगतचा असतो, त्यावर त्याला खाऊच्या मागोमाग चालत न्यायचं. मान डोक्याइतकीच जाड, त्यामुळे गळ्यात पट्टा राहत नाही, तो छातीभोवती बांधायचा. एखादं अडून बसलं तर ओढायचं नाही. एक रुंद फळी घेऊन बाजूला उभं राहायचं. समोर भिंत दिसली की ते आपोआप वळतं. आणि सगळ्यांत मोठी युक्ती म्हणजे पोट खाजवायचं. दोन मिनिटं पोटावर हात फिरवला, की सत्तर किलोंचं ते धूड तान्ह्या बाळासारखं आडवं होतं आणि डोळे मिटतं. मग एकीनं पोट खाजवायचं आणि दुसरीनं खुरं कापायची.

खुरं कापणं हे न्हाव्याचं काम नव्हे, बरं का! घरात गालिच्यावर राहणाऱ्या डुकराची खुरं झिजत नाहीत. ती वाढतात, वाकतात, मग पाय तिरका पडतो आणि सांधे धरतात. नराचे सुळे जन्मभर वाढतात, तेही कापावे लागतात. लस टोचायची ती कानामागे मानेत, कारण इतरत्र चरबीचा थर एवढा, की सुई त्यातच राहते. रक्त काढणं तर सगळ्यांत कठीण, कारण शीर दिसतच नाही. लस एका एरिसिपेलस नावाच्या रोगावरही देतात. त्या रोगात अंगावर लाल चट्टे उठतात, ते अगदी शंकरपाळ्यांच्या आकाराचे. वन्संनी चित्र दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता दिवाळीला शंकरपाळे कशी खाणार मी?"

खाण्यापिण्याचं ऐकाल तर आपल्या 'पाककृती आणि पथ्य' सदरात शोभेल. छोट्या डुकरांसाठी वेगळं खाद्य मिळतं, ते वजनाच्या मानानं मापून द्यायचं. बरोबर हिरवी भाजी, काकडी, भोपळा. ताटातलं उरलंसुरलं, तळकट, खारट द्यायचं नाही. डुकराला 'पुरे' हा शब्द ठाऊक नाही. ते तुमच्याकडे असं बघतं, की जणू आठवडाभर उपाशी आहे. लाड करणाऱ्या घरात ते एवढं फुगतं, की कपाळावरच्या चरबीच्या घड्या डोळ्यांवर येतात आणि धडधाकट डोळे असून त्याला दिसेनासं होतं. दुसरी गोष्ट पाण्याची. डुकराला भांडं उलथायची खोड असते. मालक दिवसभर कामाला, पाणी सांडलेलं, आणि अंगातलं मीठ वाढून मेंदूला सूज येते. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजलं तर आणखी घात, ते थोडं थोडंच द्यावं लागतं. म्हणून वन्संचा पहिल्या भेटीतला ठरलेला प्रश्न, "पाण्याचं भांडं जड आहे ना?" डॉक्टर हे विचारत नाहीत, त्यांना वेळ नसतो. वन्सं विचारतात, आणि वर्षाकाठी एखाददुसरा जीव त्या एका प्रश्नावर वाचत असेल असं मला वाटतं.

सासूबाईंचं मात्र जमत नव्हतं. लेकीच्या घरात पाऊल टाकल्यापासून त्यांनी एक अलिखित नियम केला. वन्सं दवाखान्यातून आल्या, की मागच्या दारानं यायचं, डोक्यावरून न्हायचं, आणि मगच ओट्याला हात लावायचा. वन्सं तिथून अंग धुऊन, कपडे बदलूनच निघत. तरी त्या मुकाट पुन्हा न्हात. एकदाच म्हणाल्या, "आई, तुझ्या देव्हाऱ्यावर दशावताराचं चित्र आहे. तिसरा अवतार कुठला गं?" सासूबाई म्हणाल्या, "देवाचं वेगळं." शिवाय त्यांच्या मनात भीतीही होती. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूनं जो हाहाकार केला, तोंडाला फडकी बांधून माणसं फिरत होती, तो त्या विसरलेल्या नाहीत. यावर वन्संनी जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. माणसाचा फ्लू डुकरालाही होतो. दवाखान्यात कुणाला ताप-सर्दी असली तर तिला डुकराजवळ जाऊ देत नाहीत, डुकराला जपण्यासाठी!

पण भीती आणि सोवळं हे वरवरचं होतं. आतली गोष्ट अशी, की मुलीला एवढं शिकवलं, परदेशी दिली, आणि तिनं शेवटी हे करावं? पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री त्या मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टर तरी व्हायचं होतं. मग जनावरांची का होईना!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगाराचं सांगावं, तर तिथेही गंमतच. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ साली या कामाचा मधला पगार वर्षाला ४३ हजार डॉलरच्या आसपास होता, आणि जनावरांच्या डॉक्टरांचा त्याच्या पावणेतीन पट. पाठ धरते, चावे बसतात, लाथा बसतात, आणि कित्येक मुली काही वर्षांत हे काम सोडून देतात. वन्संची स्वतःची मनगटं सुजलेली मी पाहिली आहेत.

मग पर्लची गोष्ट घडली. पर्ल म्हणजे मोती, पण ही डुकरीण कोळशासारखी काळी, आठ वर्षांची, साठ किलोंची. तिची मालकीण सत्तरीची, एकटी राहणारी. पर्लला रक्त जायला लागलं होतं आणि पोट एका बाजूनं वाढलं होतं. पाळीव डुकरिणीची पिशवी लहानपणीच काढून टाकतात, कारण नाहीतर ती दर एकवीस दिवसांनी माजावर येते, चिडते, घर डोक्यावर घेते. आणि न काढलेल्या म्हाताऱ्या डुकरिणींत पिशवीला गाठी होण्याचं प्रमाण फार असतं. पर्लची राहून गेली होती.

हे वन्सं स्वयंपाकघरात मला सांगत होत्या. सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या, ऐकत नसल्यासारख्या. 'पिशवीला गाठ' हे शब्द आले आणि त्यांचे हात थांबले. मैत्रिणींनो, त्यांची स्वतःची पिशवी काढून अठरा वर्षं झाली. तेव्हा मी या घरात नव्हते, पण ती हकिगत मी इतकेदा ऐकली आहे, की पाठ झाली आहे. डॉक्टर फार मोठे होते, त्यांचं नाव त्या आजही आदरानं घेतात. पण सांगताना सगळ्यांत जास्त बोलतात त्या रात्रपाळीच्या नर्सबद्दल. रात्री अडीच वाजता रक्तस्राव सुरू झाला तो तिनं पाहिला, दिवा लावला आणि धावत जाऊन डॉक्टरांना उठवलं. तिचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

"कधी आहे ऑपरेशन?" सासूबाईंनी विचारलं.

"गुरुवारी."

"तू असशील?"

"मी भूल सांभाळणार आहे, आई."

गुरुवारी वन्सं सकाळी सहालाच गेल्या. डुकराला भूल देणं हे सगळ्या पाळीव जनावरांत अवघड मानतात. तोंड लांबट, जबडा फारसा उघडत नाही, आणि श्वासनलिकेची वाट आत खोल, शिवाय वाकडी. नळी सरळ घालू म्हटलं तर ती चुकीच्या कप्प्यात अडते. एकीनं पट्ट्यांनी जबडा ताणून धरायचा, दुसऱ्यानं दिवा घेऊन वाट शोधायची. नळी बसली की डॉक्टरांचे डोळे आणि हात पोटात. बाकीचं सगळं जनावर टेक्निशियनच्या हवाली. नाडी, श्वास, प्राणवायूचा आकडा, अंगाची उष्णता, डोळ्यांची पापणी, जबड्याची ढिलाई, दर पाच मिनिटांनी बघायचं आणि कागदावर लिहायचं. त्या दिवशी पाऊण तासानं प्राणवायूचा आकडा ९८ वरून उतरायला लागला. ९६, ९४, ९१. डॉक्टर गाठीभोवतीची रक्तवाहिनी बांधत होते, त्यांना हात काढता येत नव्हता. वन्संनी नळीवरून हात फिरवला. जनावर कुशीवर थोडं कलंडवलं तेव्हा ती मुडपली होती. त्यांनी डोकं वर घेतलं, नळी सरळ केली, चार श्वास हातानं दिले. आकडा परत चढला. "काय झालं?" डॉक्टरांनी वर न बघता विचारलं. "आता ठीक आहे," वन्सं म्हणाल्या. एवढंच.

पण काम तिथे संपत नाही. डुक्कर शुद्धीवर येताना फार जपावं लागतं. त्याला पोटावर नीट बसतं करून, गरम पांघरुणात, ते स्वतः गिळायला लागेपर्यंत नळी काढायची नाही आणि काढली तरी सोडून जायचं नाही. वन्सं त्या फरशीवर पर्लचं डोकं मांडीशी घेऊन दोन तास बसल्या होत्या. संध्याकाळी सात वाजता फोन वाजला तर मी उचलायच्या आत सासूबाईंनी उचलला. "शुद्ध आली का तिला?" ना हॅलो, ना काही! मग म्हणाल्या, "पाणी लगेच देऊ नका म्हणावं." जणू दवाखाना यांच्या सल्ल्यानं चालतो!

रात्री नऊला वन्सं आल्या त्या पुढच्याच दारानं आल्या, इतक्या थकल्या होत्या. सासूबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. वन्सं मागे न्हाणीकडे वळल्या तर म्हणाल्या, "हात धू आणि बस आधी." मी आमटी गरम करायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

मालकीणबाई आठवड्यानं टाके दाखवायला आल्या तेव्हा मी तिथे होते. त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, पैसे दिले. पर्लनं मात्र डॉक्टरांकडे पाहिलंही नाही. ती सरळ वन्संच्या पायाशी जाऊन आडवी झाली, पोट वर करून. जनावराला पदवी कळत नाही, हे तिचं एक बरं असतं.

एक विसंगती मात्र मला अजून चमत्कारिक वाटते. पर्लला स्वतःचा पलंग आहे, तिच्या वाढदिवसाला केक होतो. पण तिथल्या सरकारच्या लेखी डुक्कर म्हणजे खाण्याचं जनावर. ते कुणाच्या सोफ्यावर झोपत असलं तरी! त्यामुळे काही औषधं कुत्र्याला चालतात ती डुकराला द्यायला कायद्यानं मनाई. कुठलं चालतं, कुठलं नाही, याचं टिपणही टेक्निशियनच ठेवते.

आपल्याकडे असं कुणी नाही का? आहे की! मुंबईत परळला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज १८८६ पासून आहे, पण खेड्यातल्या बाईच्या दारात गाय अडली तर बहुधा येतो तो पशुधन पर्यवेक्षक. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं अशा पदविकाधारकांना नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करायची मुभा दिली आहे. 'किरकोळ' हा शब्द कायद्यातला आहे, अडलेल्या गाईच्या मालकिणीचा नाही. गावात त्यांनाही 'डॉक्टर' म्हणतात, आणि तेही बिचारे 'नाही हो' म्हणत नाहीत. आमच्या सासूबाईंची अडचण घराघरांत आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आठवीला मी निबंध दिला, 'माझा आवडता प्राणी'. कुत्री, गाई, पोपट, नेहमीचं संमेलन. वह्या परत देताना मी पर्लची गोष्ट सांगितली. वर्गात हशा पिकला. नाकाला रुमाल लावण्याची नक्कल झाली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिनं निबंधात कुत्रा लिहिला होता. गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे तिचं घर. तिची आजी डुकरं पाळते हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणी तिच्याशेजारी सहसा बसत नाही.

तास संपल्यावर ती माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "बाई, त्या अमेरिकेतल्या बाईंना एक विचाराल?" तिची आजी मादी व्यायली की चार-पाच रात्री झोपत नाही. मादी कुशीवर वळते, पिल्लं खाली चिरडतात. म्हणून आजी गोणपाट अंथरून शेजारी बसते आणि एकेक पिल्लू बाहेर ओढते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असा गाभणपणाचा हिशेब आजी बोटांवर करते, हेही तिनं सांगितलं. वन्संच्या पुस्तकात एकशे चौदा दिवस आहेत, ते हेच. "तिकडे पिल्लं चिरडू नयेत म्हणून काय करतात?"

मी त्याच रात्री विचारलं. वन्संनी उत्तर माझ्यासाठी नाही, आजींसाठी बोलून पाठवलं, सात मिनिटांचं. 'आजी, नमस्कार' अशी सुरुवात. भिंतीच्या कडेनं, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून वीतभर सोडून आडवा दांडा बांधायचा. मादी भिंतीला टेकून आडवी झाली तरी दांड्याखाली पिल्लांना सटकायला जागा राहते. आणि एका कोपऱ्यात ऊब देणारा दिवा लावायचा, म्हणजे पिल्लं उबेला तिकडे झोपतात, आईखाली शिरत नाहीत. शेवटी वन्संनी उलट आजींनाच विचारलं होतं, पहिलटकरीण पिल्लांना जवळ येऊ देत नसेल तर तुम्ही काय करता?

गेल्या पौर्णिमेच्या सुमाराला तिच्याकडची मादी व्यायली. नऊ पिल्लं, नऊही आहेत. आजीनं भिंतीशी बांबू बांधलाय. दिवा मात्र नाही, त्या खोपटात वीज नाही, म्हणून ती अजून रात्री गोणपाटावर बसतेच. वन्संच्या प्रश्नाचं उत्तर मुलीनं माझ्या मोबाइलमध्ये आजीच्या आवाजात भरून आणलं होतं. ते मी घरी वाजवलं, तर सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "जरा मोठ्यानं लाव."